सोन्याचं आसन आणि बाळराजांचं पोट

एका राज्यात राजा-राणीचं भांडण ऐन रंगात आलं होतं.

"बसवा त्याला आसनावर!" राजा रणधवल गरजला. "मांडलिक राजे सभेत ताटकळलेत."

"ताटकळू देत. माझं लेकरू चार दिवस ताटकळलंय," राणी पद्मलेखा म्हणाली.

तिच्या कडेवर अडीच वर्षांचा राजपुत्र जयकेतू होता. त्याचं पोट टणक झालं होतं. राणी घडोघडी तिथं हात ठेवून बघे.

भांडणाचं मूळ ते आसन. राजाने कपालक मांत्रिकाचा खजिना लुटला, त्यात हे रत्नजडित शौचासन हाती लागलं. मरता मरता मांत्रिक म्हणाला होता, "यावर ज्याला बळाने बसवाल, त्याच्या पोटात दगड होईल." राजा हसला. त्याने फर्मान काढलं: युवराज यावरच बसतील, भालदार ललकारी देतील, काम झालं की नगारा वाजेल. आसन उंच, पोराचे पाय अधांतरी, भोवती मिशाळ दरबार. मोठ्या माणसाला तरी होईल का हो? पहिल्याच दिवशी बाळाला दुखलं. तेव्हापासून आसन दिसलं की बाळ पडद्याआड पळे, पाय आवळून, लालबुंद होऊन उभं राही आणि म्हणे, "नाई येत."

तेवढ्यात गवाक्षात धनेश पक्षी उतरला. आपली भली मोठी चोच उघडून तो माणसासारखा बोलला.

"राणी, सर्पवनातलं पिकलं अंजीर आण. यक्षाच्या झऱ्याचं कोमट पाणी आण. तिसरं काम शेवटी सांगेन, ते सर्वांत अवघड."

राणीने बाळाला पाठीशी बांधलं आणि ती निघाली. राजा मागून ओरडतच राहिला.

सर्पवनात झाडाला नाग वेढा घालून होता. "मोल काय देशील?" त्याने विचारलं.

"माझी झोप घे," राणी म्हणाली. "तशीही ती मला येत नाही."

नागाने झोप गिळली आणि वाट दिली.

झऱ्यावर यक्षाने तिच्या केसांचा काळा रंग मागितला. तिने दिला. पांढऱ्या केसांची राणी बाळाला घोट घोट पाणी पाजत, अंजीर कुस्करून भरवत परतली. वाटेत बाळ कण्हलं की तिचे पाय थबकत. हे जमलं नाही तर? दगड वाढतच गेला तर?

महालाच्या दारात धनेश वाट पाहत होता. "तिसरं काम," तो म्हणाला. "आता त्याला कुणी 'बस' म्हणायचं नाही. 'झाली का' विचारायचं नाही. तोंडं मिटायची."

नाग परवडला, यक्ष परवडला. घरची तोंडं मिटवायची म्हणजे काय ते बायकांनाच ठाऊक! दाई कुजबुजली, तिला राणीने डोळ्यांनी गप्प केलं. प्रधान खाकरला, त्याला बाहेर काढलं. राजा ओठ चावत फेऱ्या मारू लागला.

राणी परसात भिंतीला टेकून जमिनीवर बसली. पाय पुढे सोडले, टाचा जुळवल्या, आणि आभाळातले ढग बघत राहिली. मनातली काळजी तिने तोंडावर दिसू दिली नाही.

बाळ घुटमळलं. दाराच्या पडद्याकडे गेलं. परत आलं. मग आपणहून आईच्या पावलांवर येऊन बसलं आणि दोन्ही हातांनी तिचे गुडघे घट्ट धरले.

"आई, दुखेल?"

"थोडंसं. मी धरलंय."

राजाला राहवलं नाही. "युवराज! पायांवर? सिंहासनाचा वारस असा धुळीत..."

बाळाने श्वास रोखला. पण अंजिराने आपलं काम केलं होतं, पाण्यानेही. बाळ कुंथलं, चेहरा लाल झाला, एक हुंदका आला आणि दगड सुटला. पाठोपाठ सगळं मोकळं झालं. आत दरबारात सोन्याचं आसन तडकलं आणि त्याची राख झाली. राणीचे केस पुन्हा काळेभोर झाले, डोळ्यांवर झोप आली. बाळ मागे वळून बघत खुदकन हसलं.

"झाली!" ते म्हणालं.

राजाचे डोळे भरून आले, पण हेका सुटेना. "नगारा वाजवा! आणि नवं आसन घडवा, याहून उंच! माझा पुत्र पुन्हा कुणाच्या पायांवर बसणार नाही!"

राणी जागची हलली नाही. बाळाला तसंच पावलांवर धरून ती म्हणाली, "महाराज, तुमच्या मातोश्री थोरल्या राणीसाहेबांनी तुम्हालाही असंच पायांवर बसवून वाढवलं, म्हणून तर आज एवढं ओरडता येतंय, आता ओरडणं पुरे, लेकराला धुवायला कोमट पाणी घेऊन या."