ताणगल्लीतलं धुकं

धामणवेळच्या बाजारातून उत्तरेकडे वळलं की ताणगल्ली लागते. गावातल्या बाकीच्या गल्ल्या ओढ्यासारख्या वाकत, वळत जातात. ही मात्र दोरी धरून आखल्यासारखी सरळ. एकाही घराचा ओटा पुढे आलेला नाही, एकही पायरी भिंतीबाहेर नाही. मोटारसायकलीसुद्धा लोक आत अंगणात नेऊन लावतात. गल्लीच्या दोन्ही टोकांना कमरेइतके उंच दगडी खुंट रोवलेले आहेत आणि दोरीच्या घासण्यानं त्यांच्यावर खोल खाचा पडल्या आहेत.

शहरातून येणारे लोक मात्र गल्लीमागच्या बंद मिलचं धुराडं पाहायला येतात. आपल्याकडे कापडधंद्याचा इतिहास धुराड्यांच्या उंचीनं मोजायची सवयच आहे. मिल कुणी काढली, सूत कातायच्या चात्या किती होत्या, माल कुठवर जायचा, हे सगळं छापलेलं सापडतं. त्या चात्यांपुढे पहिल्या सकाळी जी माणसं उभी राहिली, ती आदल्या सकाळी काय करत होती, हे विचारायला कुणाला सवड नसते.

ते सांगतात नत्थूजी हेडाऊ. जातीचे कोष्टी, वय ऐंशीच्या पुढं, जन्म मिलच्या खळखात्यात, सुताला खळ लावण्यात गेला. कॅमेरा घेऊन घाईत निघालेल्या पाहुण्यांना ते हातानं अडवतात आणि म्हणतात, "धुराडं कुठं पळून जात नाही. आधी गल्ली पाहा." मग खुंटाला पाठ टेकून बसतात आणि गोजराबाईची गोष्ट सांगतात. ती त्यांनी पाहिलेली नाही. त्यांच्या आजीनं तिच्या सासूकडून ऐकली होती, असं ते आधीच सांगून टाकतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा या गल्लीत घराघरांत खड्डामाग होता. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे पळायचा. विणणं एकट्याचं काम. पण विणण्याआधी पांजणी करावी लागते, आणि पांजणी एकट्याची नाही. लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, गल्लीच्या या खुंटापासून त्या खुंटापर्यंत ताणायचा. ज्वारीच्या पिठाची पातळ खळ त्याला लावायची आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी कुंचे मारत, धागा धाग्यापासून सुटा ठेवत पुढं सरकायचं. एका जागी कुंचा फिरत असताना दुसरीकडची खळ सुकली, तर धागे एकमेकांना चिकटतात आणि ताणा वाया जातो. म्हणून पांजणी उन्हाआधी, दमट हवेत करायची. अख्खी गल्ली हात लावायला बाहेर पडायची. आज याचा ताणा, उद्या त्याचा. गल्लीत ओटे का नाहीत, ते यावरून कळावं.

त्या दिवसांत गल्लीचा एक रिवाज होता म्हणे. गल्लीतली लेक सासरी जायची ती गल्लीत पांजलेल्या लुगड्यातच. विणणारा एक असे, पण त्या ताण्याला प्रत्येक घराचा हात लागलेला असे.

मग रेल्वे आली. आधी गावचा कापूस गाठी बांधून निघून जाऊ लागला, नंतर त्याचंच सूत पेट्यांतून परत येऊ लागलं, आणि शेवटी मिलच गावाच्या अंगणात येऊन बसली. तिला माणसं हवी होती, आणि तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारी बोटं ताणगल्लीत होती. सगळ्यात आधी तुळशीराम गेला. त्याच्या मागून त्याचे भाऊ, मग शेजारी, मग बायका रिळं भरायला. यात कुणाची चूक होती असं नत्थूजी म्हणत नाहीत. मिलचं कापड स्वस्त होतं आणि पोट कुणालाच चुकलं नाही. पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. मिलचा भोंगा उजाडायच्या आधी व्हायचा. पांजणीची वेळही तीच. मिलनं ताणगल्लीचे माग मोडले नाहीत. तिनं फक्त गल्लीची पहाट घेतली.

शेवटी एकच माग चालू राहिला, गोजराबाईचा.

गोजराबाई विधवा होती, मूलबाळ नव्हतं. तिच्या भिंतीला भिंत लागून तुळशीरामचं घर. त्याची बायको पार्वता बाळंतपणात मरता मरता वाचली होती. त्या वेळी मुलीला पहिल्यांदा हातात घेतलं ते गोजराबाईनं, आणि घेताना बोलून गेली की हिच्या लग्नाचं लुगडं माझ्या मागावरचं. ती मुलगी वेणू. आता वेणूचं लग्न फाल्गुनात ठरलं होतं. लुगडं विणायला महिना सहज लागणार, म्हणजे पौषात पांजणी व्हायलाच हवी होती. सूत तयार होतं, ताणा तयार होता. हात नव्हते.

गोजराबाई आधी तुळशीरामकडे गेली. तो आता मिलमध्ये मुकादम झाला होता. त्यानं तिला पाटावर बसवलं, चहा दिला.

"काकी, कशाला जीव काढता," तो म्हणाला. "मिलचं लुगडं घेऊ चांगलं. पोरीले काय फरक पडते?"

"पोरीले नसन पडत. मले पडते."

"अन् भोंग्याचं काय करू? फाटक लागलं का मुकादमालेबी आत घेत नाहीत."

"अमावास्येले सुट्टी असते तुमची."

तुळशीराम हसला. "अमावास्येले सुताले हात लावायचा नाही, हे मले तुम्हीच शिकवलं ना?"

 अमावास्येला माग बंद, हा गल्लीचा नेम होता, आणि मिलनंही सुट्टी नेमकी त्याच दिवशी ठेवली होती.

मग ती घरोघर फिरली. नाही कुणीच म्हणालं नाही. ज्यानं त्यानं सांगितलं, बघतो काकी, भोंग्याआधी येऊन जरा हात लावून जातो. ज्याच्या त्याच्या मनात हेच, की आपण नाही गेलो तरी दोघं-चौघं जातीलच. गल्लीतल्या लेकीचं लुगडं आहे, काकीला कुणी एकटं थोडंच सोडणार? पौषातला पहिला सोमवार ठरला.

त्या पहाटे गोजराबाईनं ताणा ओढला. एक टोक एका खुंटाला बांधलं, चालत जाऊन दुसरं टोक दुसऱ्याला बांधलं. खळ शिजवून कोमट ठेवली, घरातले सगळे कुंचे ओळीनं मांडले. नवरा गेल्यापासून ते बाहेर निघाले नव्हते. एकेक झटकून तिनं ते उंबऱ्याला टेकवून ठेवले, म्हणजे येणाऱ्याला विचारावं लागू नये. मग ती वाट पाहत उभी राहिली.

आणि धुकं आलं. धामणवेळला धुकं नवं नाही, पण असं धुकं कुणी पाहिलं नव्हतं, असं सांगतात. हात लांब केला तर बोटं दिसेनात. ताणा तिच्या कमरेपासून निघून चार पावलांवर पांढऱ्यात विरून जात होता. तिनं पहिला कुंचा मारला.

भोंगा झाला आणि घरांची दारं वाजू लागली. ताण्याच्या दोन्ही अंगांनी माणसं चालू लागली. गोजराबाईला त्यांच्या वहाणा ऐकू येत होत्या, डब्यांच्या कड्या ऐकू येत होत्या, कुणाची शाल ताण्याला घासून गेलेली धाग्यांतून हाताला कळत होती. माणसांनाही कुंच्याचा आवाज ऐकू येत होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की पलीकडच्या टोकाला माणसं लागली आहेत. कुणी चालीतच कुंच्याला हात लावला आणि पुढं गेला. वेणूही मैत्रिणींच्या घोळक्यात मिलकडे गेली. तिला वाटलं, आई मागं थांबली असेल.

थांबली ती एकटी पार्वता. पायांचा आवाज तिच्या दाराशीच अडला.

"काकी, लागला का हात?"

"लागला."

"पलीकडं कोण हाय?"

 खरं सांगितलं असतं तर पार्वता थांबली असती, हे गोजराबाईला ठाऊक होतं. आणि थांबली असती तर फाटक लागलं असतं. लग्न तोंडावर असताना पार्वताची मिलमधली जागा गेली असती, घरात बोलाचाली झाली असती, आणि त्या लुगड्याची घडी मोडताना दर वेळी तेच आठवलं असतं.

"हायेत सगळे," गोजराबाई म्हणाली. "तू जाय. भोंगा झाला."

पार्वताचे पाय दूर गेले. मिलचं फाटक लागल्याचा आवाज आला आणि गल्लीत कुंच्याशिवाय काही उरलं नाही.

ती एका बाजूनं कुंचा मारत त्या टोकाला जायची, खुंटाला वळसा घालायची, दुसऱ्या बाजूनं मारत परत यायची. एव्हाना ऊन पडून खळ सुकायला हवी होती, ताणा चिकटून दोरखंड व्हायला हवा होता. तसं झालं नाही. धुकं हललंच नाही. मागं लावलेली खळ ती परत येईपर्यंत ओलीच राहायची. म्हणे, ती सुरुवातीला मधून मधून हाक मारायची, जुन्या सवयीनं, जशी पांजणीत एका टोकाचा माणूस दुसऱ्याला मारतो: सरका पुढं, सोडा सैल. पलीकडून काही येत नव्हतं. मग तिनं हाक मारणं सोडलं. ज्या धुक्यानं तिचा ताणा वाचवला, त्यानंच तिला झाकून टाकलं होतं. ते नसतं तर सूत गेलं असतं, पण गल्लीनं तिला एकटीला उभी पाहिली असती.

मिलमध्ये बॉयलरवर काम करणारा एक माणूस दुपारी वरच्या कठड्यावर आला होता. त्यानं नंतर सांगितलं, की सगळं गाव लख्ख उन्हात होतं, शेतं उन्हात होती, आणि ताणगल्लीत तेवढी एक पांढरी पट्टी ताणून ठेवल्यासारखी पडली होती. तो म्हणाला, कुणीतरी आभाळाचीच पांजणी काढली असं वाटलं. त्या वेळी लोक त्याला हसले.

दिवस कलताना गोजराबाईनं कुंचा खाली ठेवला. मग धुकं उठलं, आणि उरलेल्या उन्हात ताणा वाळला.

फाल्गुनात वेणू त्या लुगड्यात बोहल्यावर उभी राहिली. तसं लुगडं गल्लीनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. बायका पदर हातात घेऊन पाहू लागल्या. एकीनं पार्वताला म्हटलं, तुझा हात ओळखू येतो गं. पार्वता म्हणाली, मी कुठं होते, तुम्हीच होत्या. ती बाई म्हणाली, मला वाटलं तुळशीरामभाऊ होते. तुळशीरामनं भावाकडे पाहिलं, भावानं शेजाऱ्याकडे. असं विचारणं मांडवभर फिरलं आणि कुठंच न थांबता परत आलं. 

पार्वता गोजराबाईपुढं येऊन बसली. "काकी, मले तर म्हटलं तुम्ही, सगळे हायेत."

गोजराबाईनं तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला. "सगळे हायेत असंच समजून केलं मी ते," ती म्हणाली. "एकटी हाय म्हटलं असतं, तर हात चालला नसता."

त्यानंतर तिनं ताणा ताणला नाही. मागाचा खड्डा तसाच राहिला. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

आणि पुढच्या पौषात, पहिल्या सोमवारी, गल्लीत पुन्हा धुकं उतरलं, असं सांगतात. भोंगा झाला. माणसं डबे घेऊन निघाली, आणि जिथं ताणा असायचा तिथं येऊन एकेक जण थांबला. ताणा नव्हता, खळ नव्हती. दोन रांगांत समोरासमोर ती नुसती उभी राहिली, मधल्या रिकाम्या जागेकडे पाहत. कुणाला कुणी दिसत नव्हतं. तेव्हा पार्वतानं मोठ्यानं स्वतःचं नाव सांगितलं. मग तुळशीरामनं. मग त्या टोकापासून या टोकापर्यंत सगळ्यांनी. फाटक लागलं तरी कुणी हललं नाही. मिलनं शिक्षा करून पाहिली, धमकावून पाहिलं, आणि अखेर त्या एका दिवशी भोंगा उन्हं आल्यावर द्यायचं कबूल केलं. धुराड्याखाली लिहिलेल्या कुठल्याही इतिहासात हे सापडणार नाही.

मिल वाढली, तिच्या शेजारी दुसरी आली, आणि एके काळी अर्ध्या जिल्ह्याला कापड पुरवून दोन्ही बंद पडल्या. भोंगा बंद झाला. पॉवरलूम आले, तेही आता निम्मे बंदच असतात. पोरं सुरतेला गेली, भिवंडीला गेली.

आजही पौषातल्या पहिल्या सोमवारी, उजाडायच्या आत, ताणगल्लीत ताणा ओढला जातो. त्याला खळ लावतात, कुंचे मारतात. पलीकडं कोण आहे, असं त्या दिवशी कुणी कुणाला विचारायचं नाही. येणाऱ्यानं आपणहून आपलं नाव सांगायचं, मोठ्यानं, त्या टोकाला ऐकू जाईल असं. तो ताणा पुढं विणला जात नाही, कारण खड्डामागावर बसणारं गावात कुणी राहिलेलं नाही. वाळला की त्याचे तुकडे करून घरोघर वातींसाठी वाटतात.

दर वर्षी नावं कमी होतात. गेल्या पौषात पलीकडच्या खुंटापाशी कुणीच आलं नाही. नत्थूजींनी या टोकाला आपलं नाव सांगितलं, कुंचा उचलला, ताण्याच्या कडेकडेनं धुक्यातून हळूहळू चालत त्या टोकाला गेले, आणि तिथं उभं राहून तेच नाव पुन्हा एकदा सांगितलं.