सरपंचांच्या पिकअपचा नवा आवाज

निवडणूक आली आणि टेंभूरवाडीचे सरपंच अंकुशराव प्रचाराला निघाले, पण गावातल्या एकाही घराचं दार उघडेना. वैतागून त्यांनी आपली पिकअप रज्जाक मिस्त्रींच्या गॅरेजात आणून उभी केली.

"सायलेन्सर बदल. आवाज ऐकला की माणसं हातातलं काम टाकून पळत आली पाहिजेत. नाही जमलं, तर गॅरेज दुसऱ्या गावात टाक."

रज्जाकभाई पहाटेपासून पाण्याच्या रांगेत उभे राहून आले होते. वाद घालायचं त्राण नव्हतं. त्यांनी भंगारातून एक गंजका सायलेन्सर उपसला आणि गुमान बसवून दिला.

गाडी घरघरत चौकात शिरली. अख्खं गाव धावत आलं, पण हंडे, कळशा, बादल्या घेऊन! पिकअपमागे रिकाम्या भांड्यांची रांग लागली.

अंकुशराव तणतणत परतले. "कसला आवाज बसवलास हा?"

"टँकरचा," रज्जाकभाई बाकावरून न उठताच म्हणाले. "तुम्ही कबूल केलेल्या नळाची वाट बघून दमलोय, सरपंच. बाकी कुठल्या आवाजाला आता या गावाच्यानं उठवत नाही."