पूजेतले घड्याळ

फार वर्षांपूर्वी, एका राज्यात अवघी दोनच घड्याळे होती, तेव्हाची ही गोष्ट. एकाच कारागिराने घडवलेली, जुळ्या भावंडांसारखी. एक चौकातल्या मनोऱ्यात, दुसरे राजवाड्यात.

मनोऱ्यातले घड्याळ राबायचे. त्याचा टोला पडला की कालव्याचे पाणी वरच्या गावाकडून खालच्या गावाकडे वळवले जाई. राजवाड्यातल्या घड्याळाला कधी कोणी चावीसुद्धा दिली नव्हती. दर खंडेनवमीला मात्र त्याची थाटात पूजा होई. हळद, कुंकू, फुले, वर तीर्थ.

एका उन्हाळ्यात मनोऱ्यातले घड्याळ थांबले. खालच्या गावच्या सगुणाने यंत्र उघडले. घड्याळाच्या दुरुस्तीत तिचा हात धरणारे कोणी नव्हते. मधल्या एका चाकाचे दाते इतके झिजून तुटले होते की मोजताही येईनात. तसे चाक कुठल्याच बाजारात मिळणार नव्हते, आणि घडवणारा कारागीर कधीच वारला होता.

ती थेट दिवाणांकडे गेली.

"दिवाणजी, वाड्यातल्या घड्याळाचं एक चाक द्या."

"पूजेतली वस्तू मोडायची? वेड लागलंय का तुला?"

"बरं, चाक राहू द्या. नुसते दाते मोजू द्या. नवं चाक मी पितळेतून कापते."

"ते आजवर कोणी उघडलेलं नाही, बाई."

"चालवलंय तरी कोणी?"

दरबारी हसले. दिवाणांनी दाराकडे बोट दाखवले.

जे राबत होते त्याला एक माप मिळेना, आणि जे कधी हललेही नाही त्याला हार! सांगा, हा कुठला न्याय?

टोले थांबले तशी पाण्याची पाळीही थांबली. वरच्या गावाने पाणी सोडलेच नाही. "आमची वेळ अजून संपली नाही," ते म्हणत. "संपली असती तर टोला पडला नसता का?"

खालच्या गावची वांगी, मिरच्या उभ्याउभ्या वाळल्या. सगुणा रोज दिवाणांच्या दारात उभी राही. रोज हाकलली जाई.

शेवटी चिडलेल्या लोकांनी कालव्याचा बांध फोडला. पाणी ओढ्यात वाहून गेले आणि त्याच कालव्यावर जगणारी राजवाड्याची बाग कोरडी पडली. तेव्हा कुठे दिवाणांना जाग आली. पूजेतले घड्याळ पालखीत घालून ते सगुणाच्या दारी आले.

तिने झाकण काढले. चावीच्या भोकातून वर्षानुवर्षे तीर्थ आत झिरपले होते. आस गंजले होते, चाकांवर हिरवा कळंक चढला होता, दात्यांत कुंकवाचा चिखल वाळून दगड झाला होता. हात लावताच चाक मोडून तिच्या तळव्यावर पडले.

"आम्ही तर किती जपलं!" दिवाण पुटपुटले.

"पाणी घातलंत, तेल नाही."

तिने तुकडे जुळवले, दाते मोजले. बहात्तर. तोवर दिवाणांनी हातातला पाण्याचा पेलाही संपवला नव्हता.

"एवढंच मागत होते मी, दिवाणजी. एवढंच!"

आठ दिवसांत तिने घरची पितळी परात कापून नवे चाक बसवले. बांधही उभा राहिला. टोला घुमला, पाणी खालच्या गावाकडे वळले आणि वाळलेल्या काड्यांमधून वाहत गेले.

लहानथोरांनी ध्यानात ठेवावे ते इतकेच: जे लोकांच्या कामी येऊ दिले नाही, ते देव्हाऱ्यात ठेवूनही जपले जात नाही.