पांढरे केस, काळे केस आणि हैबती

चिंचगावात हैबती नावाचा एक भोळा जावई होता. सासरे अंतूशेठ यांचा फरसाणाचा कारखाना. त्यांनी हैबतीला तिथं मुकादम केलं. जावयाला घरी बसवता येईना, आणि बाहेर कुणी घेईना.

पहिल्याच दिवशी हैबतीनं म्हाताऱ्या सदोबाला बेसनाचं पोतं उचलायला लावलं. सदोबा पोत्यासकट खाली बसला.

शेठ म्हणाले, "जावईबापू, माणूस बघून काम द्यावं. पांढरे केस दिसले की खुर्ची द्यायची. पोती काळ्या केसांनी उचलायची."

"बरं मामा," हैबती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सदोबा कलप लावून आला. नातीचं लग्न होतं. केस कुळकुळीत काळे. हैबतीनं त्याला सहा पोती दिली. मैदा चाळणारी चार तरणी पोरं मात्र डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झाली होती. त्यांना खुर्च्या मिळाल्या. पोरं पायावर पाय टाकून मोबाइल बघत बसली. सदोबाची कंबर धरली.

शेठनी कपाळावर हात मारला. "केस काय बघता? वय विचारा, वय!"

"बरं मामा."

तिसऱ्या दिवशी हैबती फाटकातच उभा राहिला. पाकिटं भरणाऱ्या बायकांच्या पुढे लीलाताई होत्या.

"वय किती?"

"छत्तीस," लीलाताई पुटपुटल्या.

"मोठ्यानं सांगा. मागच्यांना ऐकू येत नाही."

लीलाताई माघारी फिरल्या. त्यांच्यामागे वीसच्या वीस बायका. ऐन दिवाळीच्या तोंडावर चार पिंपं चिवडा सादळला. शेठनी घरोघर जाऊन हात जोडले, तेव्हा कुठं बायका परत आल्या.

मग शेठ जावयावर कडाडले. "वय कागदावर असतं! कागद बघा. साठी उलटलेला सापडला की शाल-नारळ द्या, गोड बोला आणि फाटकाबाहेर पोचवा. परत आत घेऊ नका. ही म्हातारी माणसं सतरा कारणं सांगतात."

"बरं मामा."

हैबतीनं सगळे कागद काढले. सदोबा कागदावर एकोणसाठ वर्षांचा होता. गेली अकरा वर्षं तेवढाच होता. तो वाचला. साठीच्या पुढचं नाव एकच निघालं.

हैबतीनं सगळ्यांना जमवलं. त्या माणसाला शाल घातली. नारळ दिला. "फार राबलात हो," म्हणाला. दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं आणि आतून कुलूप लावलं. लीलाताईंनी टाळ्या वाजवल्या. सदोबानंही कंबर सोडून वाजवल्या.

बाहेरून अंतूशेठ ओरडले, "अहो जावईबापू, मी मालक आहे!"

हैबतीनं मोजायला एक बोट दुमडलं. "हे झालं एक, मामा. अजून सोळा सांगाल."