लिंबोणीवरचा सरडा

माणसाला जनावरांची बोली कळायची, त्या काळातली गोष्ट. एकट्याने राहणाऱ्या धाकूआजाने एक रंग बदलणारा सरडा पाळला होता. त्याचा पिंजरा अंगणात भर उन्हात असे. सरडा दिवसेंदिवस काळा पडत चालला.

"काय रे, रुसलास?" आजाने विचारलं.

"आजा, ऊन सोसेना झालं की सावलीत सरकता यायला हवं. मला समोरच्या लिंबोणीवर सोड."

"पानांत मिसळशील. मग मला दिसायचा नाहीस."

"इथे दिसेन, पण किती दिवस?"

आजा उठून पिंजऱ्यापाशी गेला. मग त्याने दार उघडलं. सरडा लिंबोणीवर चढला, हिरवा झाला आणि दिसेनासा झाला.

पुढे लिंबू तोडायचं झालं की आजा आधी हळूच विचारी, "या फांदीवर तू नाहीस ना रे?"

उत्तर येत नसे. न जाणो, असेलही, म्हणून आजा ते लिंबू तसंच राहू देई.