पाटील नावेत का बसले नाहीत?

एका गावात नदी ओलांडायला एकच नाव होती. तिच्या कुशीला चुन्याची पांढरी रेघ ओढलेली असे. भार भरता भरता रेघ पाण्याला टेकली, की नावाडी हात वर करी आणि पुढचा माणूस निमूट मागे फिरे. पणजोबांपासूनचा हा नेम.

एके दिवशी पाटलांनी घराच्या नव्या ओट्यासाठी बारा घडीव दगड नावेत चढवले. रेघ दिसेनाशी झाली. नावाड्याने हात वर केलाच नाही. पाटलांपुढे कोण बोलणार? त्यात सुईणीला यायला उशीर झाला, तिच्यासाठी नाव थांबली, तोवर वारा सुटला. मध्यावर नाव बुडाली आणि तीन माणसं गेली. सुईण आणि नावाडी पोहून वाचले.

चौथ्या दिवशी पंचायत बसली. पाटील म्हणाले, "ही वेळेवर आली असती, तर वाऱ्याआधी नाव पार झाली असती. हिच्यामुळेच तिघं गेले. हिला गावाबाहेर काढा!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. चीड येते ती या मानांची! पाटलांचं म्हणणं खोटं नव्हतं, तेवढंच त्यांना पुरलं.

सुईण रागाने उठली. "हो, मी लवकर आले असते तर नाव पार झालीही असती. पण मी होते कुठे? तुमच्याच सुनेच्या उशाशी! तिला कळा आल्या नसत्या, तर मला उशीर झाला नसता. मग काढा तिलाही गावाबाहेर. तान्ह्यालाही काढा. आणि वाऱ्याला? त्याला कुठे हाकलणार?"

मग ती थेट पाटलांकडे वळली.

"आज वारा नाही. नाव वर काढलीय. मी काठावरच थांबते. तसेच बारा दगड भरा, तेवढीच माणसं बसवा. पण या वेळी ती तुमच्या घरची असू देत, पाटील."

पाटील जागचे हलले नाहीत.

"का हो? आज तर मी नाही ना नावेत?"

"दगड फार होतात," पाटील पुटपुटले.

म्हणजे त्यांना ते त्या दिवशीही ठाऊक होतं! पंचांनी त्यांची पाटीलकी काढली आणि गप्प बसलेल्या नावाड्याच्या हातातलं वल्हं काढून घेतलं. गेलेले तिघं मात्र परत आले नाहीत.

तात्पर्य: 'अमुक झालं नसतं तर' म्हणून शोधायला बसलं, की शंभर गोष्टी सापडतात. त्यातली गरिबाच्या माथी मारता येईल तेवढीच उचलू नका. धोका कळत असूनही तो कोणी ओढवून घेतला आणि कोण गप्प बसलं, ते विचारा.