तंबूचं कापड आणि काठ्या

एकदा घाटमाथ्यावरच्या एका गावातले दोन भाऊ सामान लादलेल्या सायकली हाताशी धरून आपल्या जुन्या शिक्षकांच्या अंगणात आले. दोघांचाही हा पहिलाच मोठा सायकलप्रवास होता. घाट उतरायचा, समुद्र गाठायचा, चार दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायचं आणि परतीला एसटीच्या टपावर सायकली चढवून घरी यायचं, असा बेत होता.

हे शिक्षक आता निवृत्त झाले होते. नोकरीत असताना शाळेला सुट्टी लागली की ते सायकलीवर टांग टाकून निघत, आणि सुट्टी संपली की काळेठिक्कर होऊन परत येत. त्यामुळे त्या भागात कुणीही पहिल्यांदा सायकलीवरून मुक्कामी प्रवासाला निघालं, की आधी सरांच्या अंगणात जाऊन घोंगडीवर सगळं सामान मांडायचं आणि सर ज्यावर बोट ठेवतील ते घरी सोडून जायचं, अशी रीतच पडून गेली होती. लोक सहसा जास्तीचे कपडे आणि शेंगदाण्याचे लाडू मागे ठेवून परतत.

निघण्याच्या आधी आठवडाभर धाकटा एकटाच सरांना भेटून गेला होता. गावात त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. थोरला बँकेत होता आणि त्याची पुण्याला बदली झाली होती. दोन वर्षांपूर्वी भावाभावांत घराची वाटणी झाली. भांडण म्हणावं असं काही झालं नाही, कोर्टकचेरी तर नाहीच. दोघांच्या चुली वेगळ्या झाल्या, दारं वेगळी झाली आणि बोलणं गोड झालं. सख्खे भाऊ एकमेकांशी गोड बोलायला लागले की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना धास्ती वाटते, ती उगीच नसते.

“दादा जूनमध्ये जाणार,” धाकटा सरांना म्हणाला होता. “एकदा गेला की मग आमची गाठ लग्नाकार्यातच पडायची, आणि तीही पंगतीत. जाण्याआधी चार दिवस त्याच्याबरोबर काढायचेत. तो हो म्हणालाय. का म्हणाला ते मलाही कळलेलं नाही.”

“मग सामान दाखवायला दोघं मिळून या,” एवढंच सर म्हणाले.

त्याप्रमाणे ते आज आले होते. घोंगडीच्या एका टोकाला थोरल्यानं आपलं सामान मांडलं, दुसऱ्या टोकाला धाकट्यानं. थोरल्याचा तंबू, धाकट्याचा तंबू. थोरल्याचा गॅसचा स्टोव्ह आणि धाकट्याचाही. पंप दोन, पंक्चर काढायच्या साहित्याचे डबे दोन, पातेली दोन. चहा-साखरेच्या बरण्यासुद्धा प्रत्येकाच्या वेगळ्या. दोघांनीही मन लावून तयारी केली होती. कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त ते सामान बरोबर निघालेल्या दोघांचं वाटत नव्हतं, एकाच तारखेला निघालेल्या दोन परक्या प्रवाशांचं वाटत होतं.

सर बराच वेळ घोंगडीभोवती फिरले. मग खाली बसले आणि त्यांनी एक तंबू, एक स्टोव्ह, एक पंप, एक डबा आणि एक पातेलं उचलून ओसरीवर नेऊन ठेवलं. इथवर ठीक होतं. ओझं निम्मं करायचं म्हणजे दुहेरी वस्तू कमी करायच्या, हे कुणालाही समजेल. पण पुढं त्यांनी जे केलं त्यानं दोघेही चक्रावले. उरलेल्या तंबूचं कापड त्यांनी धाकट्याच्या सायकलीला बांधलं, आणि त्याच तंबूच्या काठ्या नि खुंट्या थोरल्याच्या सीटमागच्या पिशवीत घातल्या. स्टोव्ह थोरल्याला दिला, गॅसचा डबा धाकट्याला. पंप धाकट्याकडे आला, तर ट्यूबा आणि पंक्चरचं साहित्य थोरल्याकडे गेलं. चहापूड एकाच्या पिशवीत पडली, साखर दुसऱ्याच्या.

काही वस्तूंना मात्र त्यांनी हात लावला नाही. पाण्याच्या बाटल्या, पावसाळी जॅकेटं, बॅटऱ्या, थोरल्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, हे सगळं ज्याचं त्याच्याकडेच राहिलं.

थोरला हिशेबी माणूस होता. तो नम्रपणे म्हणाला, “सर, एकाकडे अख्खा तंबू आणि दुसऱ्याकडे अख्खा स्टोव्ह असं केलं तर वजन तेवढंच पडेल. असं अर्धंमुर्धं कशाला? वाटेत चुकामूक झाली तर दोघांचंही अडणार.”

“अडणार खरं,” सर म्हणाले.

“आणि तरीही?”

“आणि तरीही. तुम्ही रीत म्हणून आलात ना माझ्याकडे? मग रीत पाळा.”

गुरुजनांपुढे जास्त बोलू नये अशा शिस्तीत दोघे वाढले होते, त्यामुळे गप्प राहिले. फाटकाबाहेर पडल्यावर मात्र थोरला म्हणाला, “सरांचं वय झालं रे आता,” आणि धाकट्यानं मान हलवली. कितीतरी दिवसांनी एखाद्या गोष्टीवर दोघांचं एकमत झालं होतं.

पहिला दिवस छान गेला. घाट उतरताना हात ब्रेकवर आणि जीव मुठीत असल्यानं जुन्या विषयांना सवड नव्हती. संध्याकाळी एका शाळेच्या पटांगणात दोघांनी मिळून तंबू उभा केला. थोरल्यानं चहा केला, तो जरा पांचटच झाला, पण धाकट्यानं दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एका फाट्यावर पोहोचले. ऊन मी म्हणत होतं. थोरल्याला हमरस्त्यानं शहरात जायचं होतं, धाकट्याला खाडीकाठच्या कच्च्या रस्त्यानं समुद्रावर. एवढ्याशा गोष्टीवरून सुरू झालेलं बोलणं बघता बघता घरापर्यंत जाऊन पोहोचलं.

“तू नेहमी ठरवून मोकळा होतोस,” थोरला म्हणाला. “अंगणात भिंत घातलीस तेव्हा तरी मला विचारलंस? कामावरून घरी आलो तर दारासमोर विटा.”

“वाटणी कोणी मागितली होती दादा? तू मागितलीस. वाटणी झाल्यावर भिंत येणार नाही तर काय तुळस येणार?”

थोरल्यानं सायकल वळवली. तो सायकलीवर बसला आणि हमरस्त्याला लागला. धाकट्यानंही हाक मारली नाही. तो खाडीच्या वाटेनं गेला. दोघांच्या खिशात फोन होते. पण फोन लावायला नुसता फोन असून भागत नाही, थोडं नमावंही लागतं, आणि ते त्या दुपारी दोघांनाही जमलं नाही.

दिवस कलताना धाकटा त्या कच्च्या रस्त्याच्या टोकाला, समुद्रकाठच्या सुरूच्या बनात पोहोचला. तंबूचं कापड सोडवून त्यानं ते वाळूवर पसरलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की याला उभं करायला आपल्याकडे काहीही नाही. दोन झाडांना दोरी बांधून त्यानं कापड टाकून पाहिलं. वाऱ्यानं ते क्षणभरही टिकू दिलं नाही. जवळच्या वस्तीत कुणी ओसरी दिली असती, पण उठावंसं त्याला वाटेना. तो त्या कापडावर बसून राहिला. आपण भावाला जोडायला निघालो होतो आणि उरलंसुरलंही तोडून आलो, असं त्याला वाटलं. सरांचाही त्याला राग आला. अख्खा तंबू दिला असता तर निदान आत शिरून तोंड तरी लपवता आलं असतं.

अंधारून येण्याच्या बेताला वाळूच्या वाटेवर कुणीतरी सायकल हातानं ढकलत येताना दिसलं. तो थोरला होता. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. शहर आणि समुद्र यांच्या मधली टेकडी चढून येताना त्याची चांगलीच दमछाक झाली असावी. तो जवळ आला, पिशवीतून काठ्या काढल्या आणि एकात एक बसवायला लागला.

“शहरात जाणार होतास ना?” धाकट्यानं विचारलं.

“गेलो होतो. लॉजवर खोलीही घेतली. पंखा होता, गरम पाणी होतं.” थोरल्यानं एक काठी कापडाच्या शिवणीतून सरकवली. “कपडे काढायला पिशवी उघडली तर या पहिल्या हाताला लागल्या. ठेवून दिल्या, आंघोळीला गेलो. आंघोळ काही धड झाली नाही.”

“फोन तरी करायचास.”

“फोनवरून काठ्या कशा पाठवणार, मुकुंदा?”

धाकट्याला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. ते त्यानं लपवलं नाही. तंबू उभा राहिल्यावर दोघे बाहेर बसले आणि भिंतीबद्दल बोलले. दोन वर्षांत पहिल्यांदाच गोड न बोलता बोलले. थोरल्यानं कबूल केलं की वाटणी मागताना त्याला बायकोमुलांची काळजी होती आणि ती त्यानं भावाला कधी सांगितली नाही. धाकट्यानं कबूल केलं की भिंत त्यानं रागानं घातली होती.

प्रवास संपवून दोघे परत आले. दुसऱ्या दिवशी धाकटा सरांकडे गेला, ओसरीवरचं सामान न्यायला आणि थोडं भांडायलाही.

“सर, तुमची युक्ती कळली मला,” तो म्हणाला. “एकमेकांवाचून आमचं अडावं, म्हणून तुम्ही सामान असं तोडलंत. पण खरं सांगू? दादाचं काही अडलं नव्हतं. त्याला खोली मिळाली होती. मीही कुठंतरी निभावून नेलंच असतं.”

सर हसले. म्हणाले, “अडणार नाही, हे मला ठाऊक होतं. खिशात चार पैसे असलेल्या माणसाचं आजकाल अडतं कुठं? स्वतःच्या अडचणीसाठी माणूस परत फिरत नाही बाळ, तो दुसरं दुकान शोधतो, दुसरी खोली घेतो. तू समजलास मी तुमच्या वस्तू काढून घेतल्या. मी तुमच्यातल्या प्रत्येकाजवळ दुसऱ्याची वस्तू ठेवली. माणूस परत फिरतो तो, दुसऱ्याचं काहीतरी आपल्यापाशी राहून गेलंय हे लक्षात आलं की. पाणी आणि औषध ज्याचं त्याच्याकडे असावं, त्यात खेळ करू नये. पण बाकी सगळं जर ज्याचं त्याच्याकडेच राहिलं, तर बरोबर निघायचं ते कशासाठी?”

धाकट्यानं ओसरीवरचा तंबू उचलून काखेत मारला. मग म्हणाला, “दादा जूनमध्ये जाणारच आहे, सर.”

“जाऊ दे की. त्याची नोकरी आहे, संसार आहे. जाणाऱ्याला अडवू नये. तो रिकाम्या हातानं जाणार नाही आणि तूही रिकाम्या हातानं राहणार नाहीस, एवढं बघ.”

धाकटा घरी आला. थोरल्याच्या भागात पुण्याला न्यायच्या सामानाची खोकी बांधणं चाललं होतं. धाकटा दारात थोडा घुटमळला आणि म्हणाला, “दादा, तुझ्या भागाची किल्ली माझ्याकडे ठेवून जा.”

थोरल्यानं वर पाहिलं. “एजंटकडे द्यायची ठरलीय. भाडेकरू बघून देतो म्हणालाय तो.”

“बघू दे. पण पावसाळ्यात कौलं सरकली तर एजंट चढणार आहे का वर?”

थोरल्यानं किल्ली जुडग्यातून काढायला घेतली. कडी घट्ट होती, निघता निघेना. ती सोडवता सोडवता, मान वर न करता तो म्हणाला, “मनू दहावी झाली की कॉलेजला कुठं घालायचं ठरवलंयस?”

मनू ही धाकट्याची एकुलती एक मुलगी. गेल्या दिवाळीत थोरल्यानं हेच विचारलं होतं, तेव्हा आमचं आम्ही बघू, असं धाकट्यानं गोड शब्दांत सांगितलं होतं.

आता त्यानं किल्ली हातात घेतली आणि म्हणाला, “तुझ्याकडे पाठवतो.”

थोरल्यानं मान हलवली. मग पुस्तकांच्या एका खोक्यावर दोरी आवळत तो म्हणाला, “जरा गाठीवर बोट धर.” आणि धाकट्यानं बोट धरलं.

आपणही कुठं निघालो की मला काय काय लागेल एवढंच आठवून पिशवी भरतो. बरोबर येणाऱ्याचं काय आपल्यापाशी आहे, हेही एकदा पाहून घ्यावं.